सात पाण्यांचं हाड

सारी-बुलाक, ४ मार्च

बुरमा एजे,

सलाम. तब्येत विचारायला ही चिठ्ठी लिहीत नाही. तुझी तब्येत ठणठणीतच असणार. स्वतःच्या घरातली पीडा माझ्या घरी पाठवून दिल्यावर कुणाचीही असते.

परवा एसेनकुलने ट्रक दारात उभा केला, कोळशाची पोती उतरवली, आणि मग कोटाच्या आतून एक पिल्लू काढून माझ्या हातात ठेवलं. "जेंगे, घाटापलीकडून तुमच्या थोरल्या बहिणीने दिलंय."

मी म्हटलं, "मला थोरली बहीण नाही."

"मग माझा अंगठा कुणाच्या बहिणीच्या कुत्रीने फोडला म्हणायचा?" अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं.

पिल्लाच्या गळ्यात दोरी, दोरीला कागद. 'आईच्या कुत्रीची नात. तुझी आहे.' सहा वर्षं तोंड बंद, आणि नंतर एवढंच. तू सातवीपर्यंत शिकलीस, जरा लांब लिहिलं असतंस तर शाई संपली नसती. मी तिसरीत शाळा सोडून मेंढ्यांमागे गेले, तरी बघ, कागद भरते आहे. चुका दिसतील. हसू नकोस.

पोस्टात फोन आहे हे मला कळतं. फोनवर तू मधेच तोंड घालतेस. कागदावर मला कुणी अडवत नाही.

तर दोन दिवसांचा हिशेब ऐक. माझा उजवा घोटा, दोन ठिकाणी. माझ्या म्हाताऱ्याच्या टोपीचा गोंडा. पिठाच्या परातीची कड, आता लाकडाला दात लागायचे काय कारण? माझ्या घागऱ्याला लोंबकळून ती गोठ्यापर्यंत आली. दूध काढायला बसले तर कोपराला धरलं, गाय बिथरली, बादली आडवी. म्हातारा ओट्यावर बसून हसतोय. म्हणतो, "बायबिचे, जातिवंत ताइगान आहे, शिकारीचं रक्त आहे." मी म्हटलं, रक्त माझं आहे, बघ नीट.

नाव ठेवलंय तिकेन. काटा. दुसरं काही सुचलं नाही.

एक गोष्ट तुला ठाऊक आहे, मलाही आहे. दिलेलं कुत्रं परत पाठवलं की दोन घरांमधली वाट बंद. मग मयताला नाही आणि बारशालाही नाही. म्हणून मी तिला आजच्या आज ट्रकात कोंबलं नाही. पण जूनच्या सुरुवातीला आम्ही कळप घेऊन वर जाइलूवर, उन्हाळी कुरणावर जाणार. तिथे कोकरं, शिंगरं, शेजारच्या तंबूतली रांगती पोरं. चावरं कुत्रं घेऊन कुणी कुरणावर जात नाही. तोपर्यंत हिचं तोंड सुधारलं तर ठीक. नाहीतर एसेनकुल आहेच.

उमसुनाय


२२ मार्च

बुरमा एजे,

काल नवरोज झाला. तुला लखलाभ.

तुझी नात सुधारलेली नाही. मी सगळं करून पाहिलं. ओरडले, तर तिला वाटलं मी भुंकतेय, तीही भुंकली. पायातला रबरी गलोश घेऊन नाकावर एक दिली, तर तिने गलोशच धरला आणि तो सोडवता सोडवता आम्ही दोघी अंगणभर फिरलो. तोंड हाताने मिटून धरलं, सोडल्यावर दुप्पट चावली. सोनुनबू शेजारीण म्हणाली, "मिरची लाव हाताला." लावली. तिकेनने चाटली, शिंकली, आणि परत चावली. मी मात्र विसरून डोळ्याला हात लावला. पुढचं विचारू नकोस.

माझे हात बघितलेस तर वाटेल मी काटेरी झुडपातून सरपण काढून आले. सकाळी शहाण्यासारखी असते, दुपार उलटली की अंगात येतं. गोल गोल धावते, दिसेल त्याला चावते, आणि मग धाडकन पडून झोपते.

आणि एसेनकुल सांगतो, तू अजून तिकडे सगळ्यांना तेच ऐकवतेस. की आईच्या वर्षाच्या आशच्या जेवणाला धाकटीने मला, थोरल्या लेकीला, जांबाश सोडून पुढच्या पायाचं हाड वाढलं. मला ठाऊक आहे गं कुणाला काय वाढतात. जांबाश, म्हणजे कंबरेचं हाड, मानाच्या माणसाला, पुढच्या पायाचं सुनांना-पोरांना. मी काय रशियाहून आले? दोनशे माणूस जेवायला, वाटणारा म्हाताऱ्याचा पुतण्या, एकवीस वर्षांचं पोरगं, त्याचा गोंधळ झाला. एवढ्यासाठी तू ताटाला हात न लावता उठलीस, घोड्यावर बसलीस आणि सहा वर्षं गेली. हे मी तेव्हाही सांगितलं असतं, तू थांबली असतीस तर.

जाऊ दे. हाडाचा विषय मी काढणार नव्हते.

सल्ला मागत नाहीये. सहज विचारते. आई पिल्लांचं काय करायची?

उमसुनाय


६ एप्रिल

बुरमा एजे,

तुझं पत्र मिळालं. दीड पान! म्हाताऱ्याने वाचून दाखवलं, तुझं अक्षर मला लागत नाही, तू डॉक्टरीणबाई असल्यासारखं लिहितेस.

पहिलं वाक्य 'उमसु, तू आईसारखीच हट्टी आहेस' हे लिहायची गरज नव्हती.

पण दोरीचं मात्र मी विसरले होते. खरंच विसरले होते. तू लिहिलंस आणि मला ते कुंपण दिसलं. आई लोकरीच्या दोरीला गाठी मारायची, ताकाच्या पाण्यात बुडवायची आणि थंडीत कुंपणावर टांगायची. सकाळी दोरी काठीसारखी ताठ. ती पिल्लाला द्यायची. हिरड्या गार पडल्या की पिल्लू गप्प. तू त्यातली एक दोरी चोरून चघळली होतीस. पैज लावून. जीभ चिकटली, आणि मी आईला सांगायला धावले. तू सांगतेस की मी वाचवायला धावले, पण नाही, मी चुगली करायलाच धावले होते.

तर दोऱ्या केल्या. इथे अजून पहाटे गोठतं. तीन दोऱ्या, आलटून पालटून. तिकेन पुढच्या दोन पायांत दोरी धरून तासभर बसते. डावा पंजा पांढरा आहे, आईच्या कुत्रीचा होता तसा. मी मुद्दाम बघत नाही, दिसतो.

दुसरं तू लिहिलंस ते मला पटलं नव्हतं. चावली की मारू नकोस, 'आई गं' म्हण आणि पाठ फिरवून चालू लाग. मी म्हटलं हे काय नाटक! पन्नाशीच्या बाईने पिल्लावर रुसायचं? पण केलं. घोट्याला धरलं, मी केकाटले आणि गोठ्यात जाऊन दार लावलं. ती बाहेर बसून रडली. मी आत उभी. म्हातारा बाहेरून ओरडला, "बायबिचे, दोघींपैकी आधी कोण माफी मागणार आहे, मला चहा हवाय."

आता दहातल्या सहा वेळा सोडते.

तिसरं, दुपारचं अंगात येणं. तू म्हणालीस ते खरं निघालं, झोप आलेली असते आणि तिला कळत नाही. टोपलीत घालून वर जुनी शाल टाकली की पाच मिनिटांत घोरते. मला कुणीतरी असं टोपलीत घालायला हवं होतं.

चौथं. तोंडातली वस्तू ओढायची नाही. दुसरी पुढे करायची आणि म्हणायचं 'दे'. याचा अजून पत्ता नाही. 'दे' म्हटलं की ती घेऊन पळते.

सोबत कागदात एक दात आहे. माझ्या बुटात सापडला. तांदळाच्या दाण्याएवढा आहे, आणि एवढ्याशा दाताने माझं हे केलं! ठेव, नाहीतर फेक, तुझ्याच घरचा आहे.

उमसुनाय


२५ एप्रिल

बुरमा एजे,

एसेनकुल तुला काही सांगेल. त्याच्या आधी माझं वाच.

माझा शिरदाक तुला माहीत नाही, तू गेल्यावर केला. दोन हिवाळे लागले. लाल आणि तपकिरी नमद्याचा गालिचा, कडेला मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, टाके माझे एकटीचे, सुई बोटात गेल्याच्या खुणा अजून आहेत. गुरुवारी मी मेंढी व्यायली म्हणून गोठ्यात होते. परत आले तर तिकेन त्याच्या कोपऱ्यावर बसलेली. कोपरा उरलेलाच नव्हता. शिंगं गेली. तोंडातून लाल लोकर लोंबत होती.

मी 'आई गं' वगैरे काही म्हटलं नाही. जे म्हटलं ते कागदावर येणार नाही. दोरी बांधली, काखेत मारली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले. एसेनकुलचा ट्रक आला. म्हटलं, "घे, घाटापलीकडे नेऊन दे."

तो खाली उतरला नाही. "जेंगे, मी कोळसा नेतो, पीठ नेतो. असलं ओझं नेत नाही."

"तुला काय विचारलं का मी?"

"बुरमा एजेला काय सांगू?"

"सांग, दात पोचले."

मी तिला त्याच्या शेजारी बसवलं आणि दार आपटलं. तिकेनने मागचे पाय सीटवर टेकले आणि पुढचे काचेवर. पांढरा पंजा काचेला. भुंकली नाही, काही नाही.

ट्रकात जागा नव्हती म्हणून मी तिला परत काढून घेतलं. एसेनकुल सांगेल की ट्रक रिकामा होता. त्याचं ऐकू नकोस.

शिरदाकचा कोपरा मी कापून सरळ केला. आता तो चौकोनी नाही. म्हातारा म्हणतो, कुणी विचारलं तर सांगू नवीन पद्धत आहे.

उमसुनाय

ता. क. लाल लोकर दोन दिवस तिच्या शीतून येत होती. तुला कळवावं वाटलं.


१३ मे

बुरमा एजे,

आज लहान लिहिते.

'दे' आलं. जेवताना तिने म्हाताऱ्याचा चमचा पळवला. मी दोरी पुढे केली, म्हटलं 'दे', आणि तिने चमचा माझ्या हातात ठेवला. हाताला दात लागू न देता. मी उगाच इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं का. म्हातारा लाकडं फोडत होता. म्हणून तुला सांगते.

दुसरं. पुतण्याचा गोंधळ झाला नव्हता.

वाटायच्या आधी मी त्याच्या हातातून जांबाश काढून घेतलं आणि म्हटलं, हे नको, ते वाढ. त्याने दोनदा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की.

आई माझ्या घरी नऊ महिने अंथरुणाला होती. मी तिला कुशीवर वळवायचे, खाऊ घालायचे, धुवायचे, आणि ती दाराकडे बघून म्हणायची, "बुरमा आली का?" रोज. मी समोर बसलेली आणि बुरमा आली का. मग ती गेली आणि तू तिसऱ्या दिवशी आलीस. घाटात बर्फ होतं, मला ठाऊक होतं. तू पायी आलीस हेही ठाऊक होतं, तुझ्या पायाची दोन नखं गेली तेही मी पाहिलं. तरी मला राग आला. आणि जाताना तू आईची कुत्री मागितलीस. मी म्हटलं ने. ती तुझ्यामागे निघाली आणि एकदाही वळून बघितलं नाही. वर्षभर मी ते गिळलं, आणि आशच्या दिवशी तुला पुढच्या पायाचं हाड वाढलं. सगळ्या गावासमोर.

हे मी म्हाताऱ्यालाही सांगितलेलं नाही. म्हणून हे पत्र त्याला न दाखवता मी स्वतः दोनदा वाचून पाहिलंय. चुका असतील त्या असू दे.

उमसुनाय


२८ मे

बुरमा एजे,

पंधरा दिवस झाले. एसेनकुल दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा रिकाम्या हाताने. मी विचारलं, काही दिलं का? म्हणतो, "पत्र वाचलं, घडी घातली, चुलीवरचं दूध उतू गेलं ते पुसलं, आणि म्हणाल्या, जा." म्हणजे काय समजायचं?

दे उत्तर किंवा नको देऊस. मी ताटकळत बसणाऱ्यातली नाही, कामं आहेत. सोमवारी आम्ही वर निघतो. शनिवारी मेंढी कापणार आहे, निघायच्या आधी कापतोच. तू आलीस तर जांबाश तुझं. नाही आलीस तर तेही कळेल मला.

तिकेन वर येतेय. माणसाला चावत नाही आता. गेल्या आठवड्यात सोनुनबूच्या नातीने तिच्या तोंडात पाव कोंबला, कोपरापर्यंत हात घालून. तिकेन तोंड उघडं ठेवून नुसती बसली आणि माझ्याकडे बघत राहिली, हिला कुणीतरी घेऊन जा म्हणून. फक्त वरचा एक सुळा अडून बसलाय, दुधाचा, पडत नाही आणि नवा मागून आलाय. त्यामुळे ती जरा भूत दिसते.

कुत्री परत पाठवणार नाही. तू बोललीस, न बोललीस तरी. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं.

उमसुनाय


३ जून

बुरमा एजे,

तुझा ट्रक वळणावर दिसेनासा झाला आणि मी लिहायला बसले. म्हातारा म्हणतो, आत्ताच तर पाच तास बोललात. त्याला काय कळतं! आम्ही परवा निघू, एक दिवस उशीर झाला, तुझ्यामुळे.

तू न कळवता येशील हे मला वाटलं नव्हतं. मी जांबाश वेगळं काढून ठेवलं होतं, आणि स्वतःवर चिडले होते की कशाला काढलं. मग दारात आवाज आला, "धाकटे, कुणी आहे का घरात?" तू बारीक झालीस. मी बोलले नाही तेव्हा. आता बोलते, खात जा.

त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. तूही विसरू नकोस आणि घाटापलीकडे सांगूही नकोस. म्हाताऱ्याने हात धुवायला पाणी घातलं. मी ताट घेऊन तुझ्याकडे आले, वर जांबाश. सहा वर्षं मी ते हाड घेऊन तुझ्याकडे येत होते म्हण ना. खाली वाकले, आणि बाजूने एक राखाडी काहीतरी आलं. ताट हलकं झालं.

तिकेन दारापाशी उभी, तोंडात तुझा मान.

तेव्हा तुझं तोंड मी पाहिलं. वाटलं, संपलं. आता ही उठेल, आता ही घोडा मागेल. घोडा नाही आणलास, तरी वाटलं. मी गलोश उचलला. खोटं कशाला बोलू! आणि तू बसल्या जागेवरून म्हणालीस, "ओढू नकोस गं. बदल्यात काहीतरी दे."

माझ्याकडे काय होतं? दोरी बाहेर कुंपणावर. माझ्या ताटात पुढच्या पायाचं हाड होतं, माझ्या वाट्याचं. तेच पुढे केलं. म्हटलं, दे.

तिने विचार केला. तुला दिसलं ना, ती विचार करत होती? मग आली आणि जांबाश माझ्या तळहातावर ठेवलं. हळू. एक दात लागला नाही. आणि हाडाबरोबर तो अडलेला सुळाही शिरदाकवर टपकन पडला, तू उचललास, आणि आपण दोघी त्या दाताकडे बघत बसलो, जणू एखादी अंगठीच सापडली होती.

मग म्हातारा म्हणाला, "कुत्र्याने तोंड लावलं. आता हे पाहुणीला कसं वाढायचं?"

आणि तू म्हणालीस, "सात पाण्यांनी धू, परत उकळ. मी थांबते."

मी थांबते म्हणालीस. मी तेव्हा बादलीकडे वळले ते पाणी आणायला नाही, तुला कळलं असेलच.

म्हातारा मोजत होता. एक, दोन. मातीचंही एक पाणी असतं म्हणे, तेही केलं. खरं तर नियम कुत्र्याने चाटलेल्या भांड्याचा आहे, हाडाचा नाही, मशिदीतल्या मोल्दोला कळलं तर आमचं काही खरं नाही. सहाव्या पाण्याला तू चुलीपासून म्हणालीस, "सहा वर्षं, सहा पाणी. सातवं कशाला?"

मी म्हटलं, "पुढच्या वेळी रुसशील त्याचं आगाऊ."

तू हसलीस. आईसारखं, नाकातून. मला वाटायचं तसं फक्त मी हसते.

मग ते दोन तास शिजलं. दोन तास म्हणजे किती असतात, मला माहीत नव्हतं. आईबद्दल तू जे सांगितलंस, की तुझ्या घरी आली की ती दाराकडे बघून 'उमसु आली का' विचारायची, ते मला त्या नऊ महिन्यांत कळलं असतं तर मी तुला अख्खी मेंढी वाढली असती. का नाही सांगितलंस? बरं, सांगू नकोस. मी विचारलं नव्हतं.

तू जांबाश खाल्लंस तेव्हा मी बघत नव्हते, भांडी घासत होते. पण हाड नंतर मी पाहिलं. साफ होतं. एक धागा मांस उरलं नव्हतं. दोन खळगे आहेत, तिकेनच्या वरच्या सुळ्यांचे. ते मी वर नेतेय, तंबूच्या छताला बांधणार आहे, कुणी विचारलं तर म्हातारा सांगेल नवीन पद्धत आहे.

तो दात मात्र तू रुमालाच्या टोकाला बांधून नेलास. तो माझा आहे. बोटं माझी फुटली, तुझी नाही. मी घ्यायला येणार, कळप खाली आला की, बर्फ पडायच्या आधी. तिकेनला आणते, तिला तिचं आजोळ दाखवायचंय. एसेनकुलला सांगितलंय, जागा ठेव. तो म्हणाला, "ट्रक रिकामाच असतो, जेंगे."

मेंढी कापशील तर मला पुढच्या पायाचंच हाड वाढ. मी धाकटी आहे, माझ्या वाट्याचं तेच. आणि कालचं मला मिळालं नाही, ते तिकेनकडे आहे. अजून खातेय.

उमसु